स्नेक प्लांटचं पान पाण्यात ठेवताना खरा प्रश्न हवेचा असतो

मनी प्लांटची सवय झालेल्या माणसाला स्नेक प्लांट पहिल्या फेरीतच चक्रावून टाकतो. मनी प्लांटचा पेरासकट तुकडा बाटलीत खोचला की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं लोंबायला लागतात, कारण त्या वेलाच्या पेरापेराशी मुळाचा उंचवटा आधीपासून तयार असतो. पाणी मिळालं की तो लांबतो, बाकी काही घडावं लागत नाही. स्नेक प्लांटच्या पानात पेर नाही, डोळा नाही, मुळाची साधी सुरुवातसुद्धा नाही. नुसतं एक जाड, उभं पान. त्याला मूळ फुटायचं तर कापाजवळच्या पेशींनी आपलं जुनं काम सोडून नवं काम शिकायला हवं. म्हणून वेळ लागतो. ऊब असेल तर तीन-चार आठवड्यांत मुळांचे पांढरे टोकदार ठिपके दिसतात. दोन महिने लागले तरी काही बिघडलेलं नसतं.

या काळात बहुतेक लोक एकच गोष्ट करतात: पाणी वाढवतात. मुळं येत नाहीत म्हणजे पाणी कमी पडत असणार, असा सरळ हिशेब. आणि पान नेमकं तिथेच सडतं.

पानाला मुळं फोडायला बाटलीभर पाणी लागत नाही. ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्येही (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) तेच पान तितक्याच मजेत रुजतं. पाण्यात ठेवण्याचा फायदा एकच, पण तो मोठा आहे: आत काय चाललंय ते दिसतं. कुंडीत रोवलेलं पान रोज उपटून बघणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी बाटली हा उत्तम उपाय. पण या सोयीची किंमत आहे, आणि ती हवेत मोजायची असते.

नवीन पेशी तयार होताना खूप ऊर्जा लागते आणि ती मिळवायला पेशींना प्राणवायू लागतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तितक्याच तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय पाण्यात तो हवेपेक्षा साधारण दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणजे कापाला चिकटून असलेल्या पाण्यातला प्राणवायू पेशींनी वापरून टाकला, की दोन बोटं लांबच्या पाण्यात तो असूनही लवकर पोचत नाही. पेशी गुदमरतात, त्यांच्या भिंती ढिल्या पडतात, आतला रस बाहेर झिरपतो. त्या रसावर जगणारे जीवाणू पाण्यात असतातच. तेही प्राणवायू ओढतात, मग आणखी पेशी मरतात. दोन-तीन दिवसांत पानाचं टोक बुळबुळीत होतं आणि पाण्याला वास सुटतो.

हे एकदा लक्षात आलं की पाण्यातल्या लागवडीचे जवळजवळ सगळे नियम पाठ न करता आपोआप सुचतात.

पाणी किती? पानाचा खालचा दोन-तीन सेंटिमीटर भाग बुडेल इतकंच. बुडलेल्या भागाला पाण्यातल्या अपुऱ्या हवेवर भागवावं लागतं; वरचा भाग उघड्यावर असतो. अर्धं पान बुडवून काहीही मिळत नाही, फक्त सडायला जागा वाढते. बाटली कशी? पान उभं राहील इतपत अरुंद, पण तोंडाशी गच्च बसणार नाही अशी. पाणी कधी बदलायचं? आठवड्यातून एकदा तरी, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. आणि गढूळ दिसलं तर त्याच दिवशी, वाराची वाट न पाहता. ताजं पाणी म्हणजे ताजी हवा. बाटलीत नवीन पाणी उंचावरून ओतलं तर हवा आणखी मिसळते. उकळून गार केलेलं पाणी शुद्ध म्हणून वापरणारे बरेच असतात. उकळताना पाण्यातली विरघळलेली हवा निघून गेलेली असते. तेच वापरायचं असेल तर आधी बाटलीत अर्धं भरून जोरात हलवा.

तापमानाचं गणितही यातच येतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: १५ अंशांना लिटरमागे दहा मिलिग्रॅम, ३५ अंशांना सातपेक्षा थोडा कमी. उलट ऊब वाढली की पेशींची आणि जीवाणूंची भूक वाढते. त्यामुळे नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली बाटली म्हणजे पान सडवायची हमखास युक्ती. दुसऱ्या टोकाला, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात रात्री दहा-बारा अंशांवर उतरल्या की पान सडत नाही, पण काही करतही नाही. महिनाभर जसंच्या तसं उभं. या रोपाला साधारण २१ ते ३२ अंशांच्या मधली ऊब मानवते. घाटावर फेब्रुवारी-मार्च आणि पावसाळ्याची सुरुवात ही सोयीची वेळ. विदर्भात भर उन्हाळा टाळून. मुंबईत आणि कोकणात बहुधा कधीही. थंड देशात राहणाऱ्यांनी हिवाळ्यात बाटली खिडकीच्या काचेला टेकवून ठेवू नये, घरात गरम हवा असली तरी काचेजवळ गारठा असतो.

कापण्याआधी आणि कापल्यावर

पान निवडताना फार कोवळं नको, कडेचं थकलेलं जुनाट पानही नको. मधल्या वयाचं, ताठ, डाग नसलेलं पान घ्यावं आणि मातीलगत कापावं. घरातल्या कात्र्या बहुधा बोथट असतात. त्या पान कापत नाहीत, चेचतात. चेचलेल्या पेशी म्हणजे सडण्याला आयतं आमंत्रण. नवं ब्लेड किंवा धारदार सुरी स्पिरिटने पुसून घेतली की झालं.

लांब पानाचे सात-दहा सेंटिमीटरचे तुकडेही चालतात. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र मुळं येऊ शकतात. मात्र तुकडे करताना खालची बाजू कोणती ते लगेच पेनाने खुणा करून ठेवा. टेबलावर चार तुकडे शेजारी शेजारी पडले की कोणतं टोक खालचं हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, आणि इथे चुकीला माफी नाही. उलटं ठेवलेलं पान वरच्या टोकाकडून, म्हणजे आता पाण्यात असलेल्या टोकाकडून, मुळं फोडत नाही.

का फोडत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. मुळं फुटण्याचा इशारा देणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक पानात शेंड्याकडून बुडाकडे वाहतं. ते गुरुत्वाकर्षणामुळे खाली ओघळत नाही. पेशीपेशीच्या पडद्यात त्याला बाहेर सोडणारी प्रथिनं असतात आणि ती पेशीच्या बुडाच्या बाजूला जास्त बसवलेली असतात. त्यामुळे ऑक्सिन एका पेशीतून खालच्या पेशीत, तिथून आणखी खालच्या पेशीत ढकललं जातं. पान तोडण्याआधी ते खोडाकडे निघून जात होतं. आता रस्ता कापलेल्या जागी संपतो, म्हणून ते तिथे साठत जातं. साठा पुरेसा झाला की कापाजवळच्या शिरांलगतच्या काही पेशी पुन्हा विभागायला लागतात आणि त्यातून मूळ आकार घेतं. पान उलटं केलं तरी प्रथिनांच्या जागा बदलत नाहीत. ऑक्सिन आता उंचावर, हवेत असलेल्या टोकाशी साठतं. पाण्यातल्या टोकाला इशाराच मिळत नाही.

कापल्यावर पान लगेच पाण्यात टाकायचं नाही. सावलीत, हवेशीर जागी एक-दोन दिवस नुसतं आडवं ठेवायचं. कापावर कोरडी खपली धरते आणि उघड्या जखमेतून जीवाणू शिरण्याची शक्यता कमी होते. जुलैतल्या मुंबईत हवाच इतकी दमट असते की खपलीला चार-पाच दिवस लागतात. लागू द्या. पान सुकून जाईल ही भीती बाळगायचं कारण नाही, आणि त्याचं कारण या रोपाच्या श्वास घेण्याच्या पद्धतीत आहे. त्याकडे थोड्या वेळाने येतो.

इंटरनेटवर पानाचं बूड उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखं कापायला सांगतात. त्याने कापाची कड वाढते, मुळांना जागा थोडी जास्त मिळते, आणि पान बाटलीच्या तळाला सपाट न टेकता दोन टोकांवर उभं राहतं, म्हणजे कापाखाली पाणी खेळतं. उपयोग आहे, पण चमत्कार नाही. सरळ कापलेलं पान तळापासून जरासं वर अडकवून ठेवलं तरी तेच साधतं.

मुळं फोडणारी पावडर पाण्यात वापरण्यात अर्थ नाही. पान बुडवलं की ती धुऊन जाते. मातीत लावताना ती थोडीफार मदत करते. दालचिनी, हळद, मध, अ‍ॅस्पिरिन यांच्या याद्या फिरत असतात. दालचिनीची पूड बुरशीला थोडा अटकाव करते, म्हणून कापावर कोरडी लावून खपली धरू दिली तर हरकत नाही. मध मात्र पाण्यात घालू नका. जीवाणूंना साखर पुरवण्यासारखं आहे ते.

कोणतं पाणी

नगरपालिकेचं नळाचं पाणी चालतं. क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवावं, तो उडून जातो. अमेरिकेतल्या अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते असं ठेवून उडत नाही, पण रोपाला मारण्याइतकं नसतंही. खरी अडचण बोअरच्या पाण्याची. स्नेक प्लांट आता शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात ड्रॅसिना या प्रजातीत गेला आहे, आणि ड्रॅसिना मंडळी फ्लोराइडला नाजूक असतात. पानांची टोकं तपकिरी होऊन करपतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचं आढळलं आहे. तिथे पावसाचं साठवलेलं पाणी किंवा फिल्टरचं पाणी वापरावं.

आणि आता डासांबद्दल, कारण बाटलीत रोपं लावण्याच्या कुठल्याही लेखात हे एका ओळीत उरकलं जातं आणि आपल्याकडे ते एका ओळीचं प्रकरण नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात अंडी घालत नाही. त्याला घरातलं, सावलीतलं, स्वच्छ, साचलेलं पाणी आवडतं: कुंडीखालची ताटली, फुलदाणी, मनी प्लांटची बाटली. मुंबईत महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघर येऊन नेमक्या याच वस्तू तपासतात, आणि अळ्या सापडल्या तर नोटीसही देतात. आपली स्नेक प्लांटची बाटली त्याच रांगेत बसते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याला पाणी बदलणं हे पानासाठी जितकं, तितकंच शेजारच्यांसाठी.

पण नुसतं पाणी ओतून नवं भरलं म्हणजे काम झालं असं नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर चिकटवते. ती अंडी काळी, बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारी असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी पुन्हा त्या उंचीला पोचलं की फुटतात. म्हणून दर वेळी बाटलीची आतली बाजू ब्रशने घासायला हवी, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळची. दूध-पाण्याच्या बाटल्या धुवायचा लांब दांड्याचा ब्रश यासाठी उत्तम. तो या कामासाठी वेगळा ठेवा. घासताना काचेवरची हिरवी शेवाळीही निघते. ती पानाला विष नाही, पण आत काय चाललंय ते दिसेनासं होतं. बाटलीच्या तोंडाशी, पानाच्या भोवती, मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा रबराने बांधला तर मादीला आत जायला वाट उरत नाही आणि हवा मात्र खेळती राहते. कापूस गच्च कोंबू नका, तो ओला राहतो आणि पानाला तिथेच कुजवतो.

ही भीती फुगवलेली वाटत असेल तर २००१ सालची गोष्ट पाहा. चीनहून लॉस एंजेलिसच्या बंदरात लकी बांबूचे कंटेनर उतरत होते. रोपं ताजी राहावीत म्हणून बुडाशी पाणी ठेवून पाठवली होती, आणि त्या पाण्यातून एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे आशियाई पट्टेवाला डास, कॅलिफोर्नियात उतरला. लकी बांबू हा बांबू नाहीच, तोही एक ड्रॅसिना आहे. स्नेक प्लांटचा सख्खा नातेवाईक.

रात्री उघडणारं पान

मुळं नसलेलं पान दोन-दोन महिने तग कसं धरतं? जास्वंदीचं पान तोडून टेबलावर ठेवा, संध्याकाळपर्यंत माना टाकेल. स्नेक प्लांटचं पान आठवडाभर कोरडं ठेवलं तरी ताठ.

बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याबरोबर भरपूर पाणी गमावतात. स्नेक प्लांट कोरड्या दिवसांची सवय असलेलं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं रोप आहे. त्याची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, हवा थंड असते तेव्हा. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवून ठेवतं. सकाळी छिद्रं मिटतात, आणि मग उन्हाच्या मदतीने तोच साठा फोडून आतल्या आत साखर तयार होते. त्यामुळे तोडलेलं पान पाणी फारसं गमावत नाही, आणि मुळांशिवायही रोज थोडी साखर बनवत राहतं. मुळं तयार करायला लागणारी शिदोरी पान स्वतःच कमावतं. म्हणूनच बाटली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नये. हे रोप कमी उजेडात जगतं हे खरं, पण मुळं फोडायचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं असेल तर भरपूर उजेड हवा, फक्त थेट कडक ऊन नको.

या रात्रपाळीचा एक सुरुवातीचा सुगावा भारतातच लागला, तोही आपल्या ओळखीच्या झाडावर. बेंजामिन हाइने हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने पानफुटीची पानं चाखून पाहिली, तेव्हा ती सकाळी आंबट लागली, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. रात्री साठलेलं आम्ल दिवसा वापरलं जातं, म्हणून हा चवीतला फरक. त्याचं हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. पेशींत नेमकं काय घडतं ते उलगडायला पुढची शंभराहून जास्त वर्षं गेली.

पानफुटीचा उल्लेख आलाच आहे तर एक तुलना करून टाकू. शाळेत असताना वहीत ठेवलेल्या पानफुटीच्या पानाला कडेने पिल्लं फुटतात, कारण तिच्या पानाच्या खाचांमध्ये रोपाचा गाभा आधीच तयार असतो. स्नेक प्लांटला तो शून्यातून घडवावा लागतो. दोघांचं रात्री श्वास घेणं सारखं असलं तरी पिल्लांच्या बाबतीत पानफुटी कितीतरी पुढे आहे.

रात्री छिद्रं उघडतात यावरून ‘स्नेक प्लांट रात्रभर प्राणवायू सोडतो, म्हणून बेडरूममध्ये ठेवा’ हा सल्ला निघाला आहे. तो पटण्यासारखा नाही. प्राणवायू तयार होतो तो उजेडात, पाण्याचा रेणू फुटतो तेव्हा. रात्री हे रोप कार्बन डायऑक्साइड घेतं, पण प्राणवायू बनवत नाही. हवा शुद्ध करण्याच्या दाव्याचंही तसंच. १९८९ च्या ज्या नासाच्या अभ्यासाचं नाव घेतलं जातं, त्यातले प्रयोग लहान बंद पेट्यांमध्ये केलेले होते. २०१९ साली अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा असं दिसलं की खिडक्या-दारांतून होणाऱ्या नेहमीच्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटर जमिनीमागे दहा ते हजार झाडं लागतील. खिडकी उघडणं स्वस्त पडतं. रोप सुंदर आहे म्हणून ठेवा.

मुळं आली, पुढे काय

पहिली पांढरी टोकं दिसली की काही जण घाबरून पान फेकून देतात, बुरशी आली समजून. फरक सोपा आहे. मुळाची टोकं टणक, गुळगुळीत, ठिपक्यासारखी वेगवेगळी असतात. बुरशी कापसासारखी, बोट लावलं की पसरणारी. कापाची कड तपकिरी आणि कोरडी दिसत असेल तर ती खपली आहे, राहू द्या. कड पिवळट, पारदर्शक, दाबली तर आत जाणारी झाली असेल तर सडण सुरू झाली आहे. तेव्हा पाणी बदलून भागत नाही. सडलेल्या भागाच्या वर एक-दोन सेंटिमीटर निरोगी हिरव्या भागात नवा काप घ्या, पुन्हा दोन दिवस कोरडं ठेवा, बाटली गरम पाण्याने आणि साबणाने धुवा आणि पहिल्यापासून सुरू करा. पानाची लांबी घटते, पान वाचतं.

मुळं चार-पाच सेंटिमीटर झाली की मातीत लावता येतं. नवीन कोंबाची वाट बघत बाटलीत ठेवायचं कारण नाही. उलट जितकं लांबवाल तितकं पाण्यातल्या मुळांना मातीशी जुळवून घ्यायला कठीण जातं. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि त्यांच्यावर सूक्ष्म केस कमी असतात, कारण पाण्यात त्यांची गरजच पडलेली नसते. लावताना ती दाबू नका. कुंडीत आधी खड्डा करून मुळं मोकळी सोडा आणि वरून माती हळू लोटा. पान दोन-तीन सेंटिमीटरच गाडायचं. कुंडी लहान, चार इंचाची पुरे, खाली भोक हवंच.

माती मोकळी हवी. नर्सरीतली तयार माती, भरड वाळू किंवा पर्लाइट (हलके पांढरे खडे) आणि कोकोपीट असं सारख्या प्रमाणात घेतलं तरी चालतं. शेतातली काळी कसदार माती कितीही चांगली असली तरी या कामाला नको. ती पाणी धरून ठेवते, आणि पुन्हा हवेचाच प्रश्न उभा राहतो. पहिले दहा-पंधरा दिवस माती किंचित ओलसर ठेवायची, कारण मुळांना पाण्याची सवय आहे. मग हळूहळू पाणी तोडत न्यायचं. महिन्याभरात दोन पाण्यांच्या मध्ये कुंडी पूर्ण कोरडी होऊ द्यायला हरकत नाही.

कायम पाण्यातच ठेवायचं म्हटलं तर तेही जमतं, पण वाढ अगदी सावकाश होते. साध्या पाण्यात अन्नद्रव्यं नगण्य असतात. मुळं नीट धरल्यावर महिन्यातून एकदा १९:१९:१९ सारखं विरघळणारं खत लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास द्यावं, त्याहून जास्त नाही.

आता सगळ्यात जास्त निराशा करणारा टप्पा. मुळं आली, पान कुंडीत लावलं, आणि पुढे काहीच होत नाही. पान उंच होत नाही, रुंद होत नाही. होणारही नाही. तोडलेलं पान पुन्हा कधीच वाढत नसतं, आणि कापलेला शेंडाही परत येत नाही. त्याने करायचं काम एकच: मातीखाली नारिंगी झाक असलेला जाडसर कंद तयार करणं आणि त्यातून नवा कोंब वर काढणं. याला मुळं आल्यानंतर दोन-तीन महिने लागतात, कधी सहा, कधी वर्ष. या काळात पान ताठ आणि हिरवं असेल तर आत काम चालू आहे असं समजावं.

पिवळी कड का जाते

नर्सरीत सगळ्यात जास्त खपणारा प्रकार म्हणजे हिरव्या पानाला पिवळी कड असलेला लॉरेंटाय. त्याचं पान लावलं की वर्षभराने पिल्लू वर येतं ते पूर्ण हिरवं, गडद पट्ट्यांचं. लोकांना वाटतं उजेड कमी पडला, किंवा नर्सरीवाल्याने फसवलं. दोन्ही नाही.

लॉरेंटायच्या वाढत्या कोंबात दोन वेगळ्या वंशाच्या पेशी थराथराने एकत्र नांदत असतात. एका थरातल्या पेशींना हरितद्रव्य बनवता येतं, दुसऱ्यातल्यांना येत नाही. कोंब वाढताना हे थर आपापली जागा राखतात, म्हणून पानाच्या मध्यभागी हिरवं आणि कडेला पिवळं अशी नीट विभागणी होते. हा पिवळा काठ साडीला वेगळ्या सुताने विणलेल्या काठासारखा आहे. अंगाच्या सुतातून तो काढता येत नाही. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब घडतो तेव्हा तो आतल्या हिरव्या पेशींपासून घडतो, आणि थरांची जुनी रचना तिथे येतच नाही. चुकून फक्त पिवळ्या पेशींपासून कोंब आला तरी तो टिकत नाही, स्वतःचं अन्न बनवायला त्याच्याकडे हरितद्रव्य नसतं.

काठ हवा असेल तर एकच उपाय: कुंडी उलटी करून गड्ड्याची वाटणी. मातीखालचा कंद आणि त्यावरचा कोंब, त्याच्या मुळांसकट, धारदार सुरीने वेगळा करायचा. त्या कोंबात थर जसेच्या तसे असतात. ठेंगण्या, घरट्यासारख्या ‘गोल्डन हानी’ या प्रकारालाही हाच नियम लागू. साधा हिरवा हानी मात्र पानातूनही हानीच येतो. १९३९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका नर्सरीत तो आपसूक झालेल्या बदलातून सापडला, आणि तो बदल थरांचा नसून साऱ्या रोपाचा आहे. दंडगोल पानांचा प्रकारही पानातून जसाच्या तसा मिळतो, फक्त त्याला धीर जास्त लागतो.

घाईत असलेल्यांनी तर वाटणीच करावी, प्रकार कुठलाही असो. तिथे तयार रोपच हातात येतं. पानाची पद्धत त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे एखादं पान मोडून पडलं आहे, किंवा कुणाकडून एकच पान मिळालं आहे, किंवा ज्यांना मुळं फुटताना बघायचीच आहेत.

घरात मांजर-कुत्रं असेल तर बाटली त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी असावी. या पानांत सॅपोनिन असतात. चावून खाल्ली तर लाळ गळणं, उलटी, जुलाब होतात. त्याच बाटलीतलं पाणीही त्यांना पिऊ देऊ नये.

पिल्लू दहा-बारा सेंटिमीटर उंच झालं आणि त्याला स्वतःची मुळं धरली की ते कंदापासून कापून वेगळ्या कुंडीत लावता येतं. मूळ पान फेकू नका. ते अजून हिरवं असेल तर तसंच मातीत राहू द्या, बुडापासून दुसरं पिल्लू येऊ शकतं. आणि ते कुंडीतून नकोसं झालं असेल, तर बूड नव्याने कापा, खपली धरू द्या आणि पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात उभं करा.